खांद्यामागची चूक

हरणाच्या शिकारीत हात बसलेला माणूस रानडुकरावर पहिल्यांदा गोळी झाडतो, तेव्हा ती बहुधा दहा-बारा सेंटिमीटर मागे लागते. हात हललेला नसतो. त्याने जिथे नेम धरला होता तिथेच गोळी गेलेली असते: पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांच्या मधोमध, जिथे हरणाची फुप्फुसं असतात. डुकराच्या अंगात त्या जागी फुप्फुसांची शेवटची कड असते, यकृत असतं, जठर असतं. डुक्कर दचकतं, वळतं, झाडीत शिरतं आणि पुढचे कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस, मरत राहतं.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत, त्यातही टेक्सासमध्ये, डुकरासाठी कोणती रायफल पुरेशी हा वाद कधी संपत नाही. एक म्हणतो, मोठ्या नराला तीन गोळ्या घातल्या तरी तो पळाला, म्हणून काडतूस मोठं हवं. दुसरा म्हणतो, माझ्या छोट्या रायफलीने वर्षाला पन्नास पाडतो. दोघंही खरं सांगत असतात. पण पळालेल्या डुकरांच्या गोष्टी मी जेवढ्या वाचल्या आणि ऐकल्या, त्यातल्या फार थोड्यांत गोळी नेमकी कुठे बसली ते सांगितलेलं असतं. या प्रश्नाचा आढावा घ्यायचा तर काडतुसांपासून सुरुवात करणं म्हणजे उलट्या टोकाकडून सुरुवात करणं आहे. आधी जनावर पाहायला हवं.

डुकराची मान आखूड, छाती खोल आणि शरीराचा सगळा भार पुढे. हृदय छातीच्या अगदी तळाशी, पुढच्या दोन पायांच्या मध्ये, साधारण कोपराच्या उंचीवर असतं. फुप्फुसं त्याच्या वर आणि थोडी मागे, पण त्यांचा बराचसा भाग खांद्याच्या आणि दंडाच्या हाडांनी झाकलेला. आडव्या उभ्या असलेल्या डुकरावर म्हणूनच पुढच्या पायाच्या मागच्या कडेवरून सरळ वर जायचं आणि छातीच्या तळापासून एकूण उंचीच्या एक तृतीयांशावर थांबायचं. हरणावर नेम धरायची सवय असलेल्याला ही जागा फार खाली आणि फार पुढे वाटते. तसं वाटलं की जागा बरोबर आहे असं समजावं.

पाठीची रेषा तर आणखी फसवते. खांद्यावर जो उंचवटा दिसतो त्यात राठ आयाळ असते, चरबी असते आणि मणक्यांपासून वर निघालेले हाडांचे लांब काटे असतात. प्रत्यक्ष मज्जारज्जू त्याच्या बराच खाली. गोळी या काट्यांना घासून गेली की डुक्कर लाकडाच्या ओंडक्यासारखं जागच्या जागी कोसळतं. शिकारी बंदूक खाली घेतो, सोबत्याकडे पाहून हसतो, आणि तेवढ्यात डुक्कर उठून चौखूर पळत सुटतं. धक्क्याने क्षणभर बधिर झालेलं असतं, एवढंच. 'मेलेलं डुक्कर उठून पळालं' या कथांचा उगम बहुतेक इथे आहे. पडलेल्या डुकरावरून निदान मिनिटभर नेम हलवायचा नाही, दुसरं काडतूस नळीत तयार ठेवायचं, हा जाणत्यांचा नियम याच अनुभवातून आलेला आहे.

मग ती सुप्रसिद्ध ढाल. नर वयात आला की त्याच्या खांद्यांवर आणि बरगड्यांच्या पुढच्या भागावर कातड्याखाली एक जाड, चिवट थर चढत जातो. माजाच्या दिवसांत नर एकमेकांना बाजूने भिडतात आणि सुळ्यांनी खांद्यावर वार करतात. ते वार या थरावर झेलले जातात. म्हाताऱ्या नरात हा थर तीन-चार सेंटिमीटरपर्यंत जाड होऊ शकतो. सुरी लावली की ती कच्च्या रबरात फसावी तशी फसते. पण या ढालीवरून रायफलची गोळी परत फिरते ही निव्वळ दंतकथा आहे. योग्य बांधणीची, मध्यम ताकदीची गोळी ढाल पार करते. अडचण वेगळीच आहे. ढालीच्या वर वाळलेल्या चिखलाचा थर असतो, खाली खांद्याचं हाड असतं, आणि हलकी, पातळ कवचाची, आदळताच फुलणारी गोळी या तिन्हींतून जाताना वरच्यावरच फुटून विखुरते. जखम बाहेरून भयानक दिसते आणि हृदयापर्यंत काहीच पोचत नाही.

हे जनावर अमेरिकेत आलं कसं, ते थोडक्यात सांगतो. स्पॅनिश सरदार एर्नांदो दे सोतो १५३९मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्या ताफ्याबरोबर चालतं-फिरतं अन्न म्हणून डुकरं होती. पुढे वसाहतीतले शेतकरी डुकरं मोकळी चरायला सोडत. त्यातली कित्येक परत आली नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला न्यू हॅम्पशरमध्ये आणि १९१२मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या हूपर बाल्ड या डोंगरावर धनिकांनी शिकारीसाठी युरोपातली अस्सल रानडुकरं आणून कुंपणात ठेवली, आणि ती कुंपणं टिकली नाहीत. आज जे आहे ते या साऱ्यांचं मिश्रण. जात एकच, सुस स्क्रोफा, आपल्या रानडुकराचीच. अमेरिकी कृषी खात्याच्या अंदाजाने किमान ३५ राज्यांत मिळून सुमारे ६० लाख डुकरं आहेत आणि वर्षाचं नुकसान दीड अब्ज डॉलरच्या वर जातं. एकट्या टेक्सासात ती वीस लाखांहून जास्त आहेत. मादी सहा-आठ महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, गर्भकाळ ११५ दिवसांच्या आसपास, आणि एका वेतात पाच-सहा पिल्लं सहज.

आकाराबद्दल अतिशयोक्ती फार. २००४मध्ये जॉर्जिया राज्यात मारलेल्या एका डुकराचं वजन हजार पाउंड आणि लांबी बारा फूट सांगितली गेली. 'हॉगझिला' म्हणून ते जगभर गाजलं. नंतर ते उकरून काढून तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा लांबी आठ फुटांच्या आत आणि वजन आठशे पाउंडांच्या आसपास ठरलं. तेही प्रचंडच. पण शेतात प्रत्यक्ष समोर येणारं जनावर बहुतेक वेळा ३५ ते ११५ किलोंमधलं असतं. हॉगझिलासाठी काडतूस विकत घेणारा माणूस वर्षभर मारतो ती साठ किलोंची मादी.

गोळीने जनावर मरतं कसं, याकडे आता वळायला हवं. दोनच मार्ग आहेत. मेंदू किंवा मज्जारज्जूचा वरचा भाग उद्ध्वस्त झाला तर जनावर तत्क्षणी संपतं. नाहीतर रक्त वाहून जाऊन मेंदूचा प्राणवायू तुटावा लागतो. या दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो, गोळी हृदयाच्या चिंधड्या करून गेली तरीही. मेंदूत आधीच असलेल्या प्राणवायूवर दहा-पंधरा सेकंद हालचाल चालू राहू शकते. १९८६मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपासयंत्रणेने माणसाच्या बाबतीत हाच निष्कर्ष काढला होता. डुक्कर ताशी चाळीस किलोमीटरहून जास्त वेगाने धावू शकतं. दहा सेकंदांत ते शंभर मीटर गेलं तर गोळी कमी पडली असं म्हणता येत नाही. गोळीने आपलं काम केलेलं असतं, शरीराला ते कळायला वेळ लागतो.

'ताकद' हा शब्द या चर्चेत फार सैल वापरला जातो. काडतुसाच्या खोक्यावर छापलेली ऊर्जा, जूलमध्ये किंवा फूट-पाउंडात, हे एक माप. आकडे पाहण्यासारखे आहेत. .२२ लाँग रायफलची अडीच ग्रॅमची गोळी नळीतून निघताना १९० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जाते. .२२३ रेमिंग्टनची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९८८ मीटर वेगाने सुमारे १७४० जूल. १८९५पासून चालत आलेलं .३०-३० विंचेस्टर, ११ ग्रॅमची गोळी, सुमारे २४७५ जूल. .३०८ विंचेस्टर, पावणेदहा ग्रॅमची गोळी, सुमारे ३६०० जूल. अमेरिकेत हरणासाठी हजार फूट-पाउंड, म्हणजे साधारण १३५० जूल, असा एक जुना ठोकताळा आहे आणि तोच डुकराला लावला जातो.

ऊर्जा गोळी किती काम करू शकेल ते सांगते. ते काम कुठे होईल ते सांगत नाही. कातड्यावर तीन हजार जूल खर्च करणारी गोळी निरुपयोगी आणि दोन हजार जूल घेऊन दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे जाणारी पुरेशी. मी 'पुरेशी ताकद' याची व्याख्या अशी करतो: आपण ज्या सगळ्यांत अवघड कोनातून गोळी झाडायला तयार आहोत, त्या कोनातून हाड, ढाल आणि स्नायू पार करून हृदय-फुप्फुसांपर्यंत पोचेल आणि तिथेही मोठी जखम करेल एवढी. म्हणजे ताकद कोनावर ठरते. फक्त आडव्या उभ्या डुकरावरच झाडणार असाल तर कमी लागते. तिरकं पाठमोरं असेल तर गोळी शेवटच्या बरगडीजवळून शिरून पलीकडच्या खांद्यापर्यंत जायला हवी, म्हणजे नेमही त्या पलीकडच्या खांद्यावर धरायचा. तिरकं समोर असेल तर जवळच्या खांद्याचं हाड फोडावंच लागतं. आणि सरळ पाठमोऱ्या डुकरावर कोणत्याही काडतुसाने झाडू नये. टेक्सासात अनेकजण झाडतात, कारण 'उपद्रवी जनावर आहे'. त्या तीन शब्दांनी अनेकांचा नेम सैल केला आहे, असं मला मनापासून वाटतं.

जर्मनीत हा प्रश्न शिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. तिथल्या शिकार कायद्याप्रमाणे रानडुकरासारख्या मोठ्या खुरधारी जनावरावर ६.५ मिलिमीटरपेक्षा लहान व्यासाची गोळी चालत नाही, आणि शंभर मीटरवर तिच्यात निदान २००० जूल ऊर्जा उरलेली असावी लागते. लहानशा रो हरणासाठी ही मर्यादा १००० जूल. शिकारीचा परवाना मिळवण्याआधी शरीररचनेसकट परीक्षा द्यावी लागते. टेक्सासात रानटी डुकरासाठी गोळीच्या आकाराची अशी कोणतीही किमान अट नाही. खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने मारायचं असेल तर २०१९पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. तेच जनावर, तीच छाती, तीच ढाल. एका देशात ते शिकारीचं मानाचं जनावर आहे म्हणून त्याला वेदना कमी व्हाव्यात याची कायद्याने काळजी घेतली, दुसऱ्यात ते उपद्रवी ठरलं म्हणून ती काळजी गळून पडली. टेक्सासातल्या शेतकऱ्याचं रात्रीत उकरलं गेलेलं भुईमुगाचं शेत मला दिसतं. पण जर्मन कायद्यातला तो दोन हजारांचा आकडा टेक्सासातल्या शिकाऱ्याने स्वतःहून पाळला तर त्याचं काहीच बिघडत नाही.

आता गोळीची बांधणी, जी माझ्या मते काडतुसाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची आहे. १९४६मध्ये जॉन नोस्लर हा अमेरिकी शिकारी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. दलदलीतून आलेल्या मूसच्या अंगावर चिखल थापलेला होता. जोरदार काडतूस, नेम बरोबर, तरी गोळ्या खांद्यावरच फुलून फुटल्या, आत गेल्याच नाहीत. घरी येऊन त्याने अशी गोळी बनवली जिच्या मधोमध तांब्याच्या मिश्रधातूचा आडवा पडदा आहे. पुढचा अर्धा भाग फुलतो, मागचा अर्धा न फुलता आत घुसत राहतो. १९४८मध्ये 'पार्टिशन' नावाने ती बाजारात आली. चिखलात लोळलेल्या, ढाल चढलेल्या नरासाठी याहून नेमका धडा कुठला? त्यानंतर शिसं आणि कवच एकमेकांना रासायनिक पद्धतीने जोडलेल्या गोळ्या आल्या, आणि मग निव्वळ तांब्याच्या, शिसं अजिबात नसलेल्या. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून सगळ्याच शिकारीत शिशाच्या गोळीवर बंदी आहे, कारण मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर गिधाडं मरत होती. तांब्याची गोळी फुटून विखुरत नाही, खोल जाते. डुकराच्या बाबतीत गिधाडांच्या भल्यासाठी केलेला कायदा नकळत डुकराच्याही भल्याचा ठरला.

दुसऱ्या टोकाला पूर्ण कवचाची लष्करी गोळी आहे. स्वस्त मिळते म्हणून अनेकजण डुकरांवर तीच वापरतात. तिने बरेचदा पेन्सिलीएवढं भोक पडतं आणि डुक्कर कुठेतरी जाऊन मरतं. इथे एक गोष्ट आपल्याकडची आहे. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९०च्या दशकात टोक उघडं असलेली, अंगात फुलणारी गोळी तयार झाली. इंग्रजीत फुलणाऱ्या गोळीचं नावच 'डमडम' पडलं. १८९९च्या हेग जाहीरनाम्याने तशी गोळी युद्धात निषिद्ध केली. माणसावर अमानुष ठरवलेली तीच गोळी जनावरावर मात्र दयेची ठरते, कारण युद्धात शत्रू जायबंदी झाला तरी पुरतं, आणि शिकारीत जायबंदी जनावर ही सगळ्यांत वाईट निष्पत्ती आहे.

एवढं समजून घेतलं की काडतुसांचे तट पाहायला हरकत नाही.

पहिला तट .२२३वाल्यांचा. एआर-१५ जातीची अर्धस्वयंचलित रायफल, हलका धक्का, भरभर दुसरी-तिसरी गोळी, स्वस्त काडतुसं. कळपावर झाडणाऱ्याला हे सोयीचं. चार ग्रॅमच्या आसपासची, घट्ट बांधणीची गोळी घेतली आणि शंभर मीटरच्या आत आडव्या जनावरावर झाडली, तर ती मारते यात शंका नाही. पण या काडतुसात चुकीला जागा नाही. कोन थोडा बदलला, मोठा नर आला, गोळी हलकी, कोल्ह्या-सशांसाठीची असली, की हिशेब बिघडतो. नवख्याने .२२३ घ्यावं असं मी कधीच सुचवणार नाही, आणि गंमत अशी की विकलं जातं ते नवख्यांनाच. .३०० ब्लॅकआउटचंही तसंच: आवाज दाबणारं नळकांडं लावून ध्वनीपेक्षा कमी वेगाची चौदा ग्रॅमची गोळी झाडली, तर नळीच्या तोंडाशीच ऊर्जा साडेसहाशे जूलच्या आसपास उरते, म्हणजे जर्मन मर्यादेच्या एक तृतीयांश. शांत रात्रीसाठी ही मोठी किंमत आहे, आणि ती डुक्कर देतं.

दुसरा तट मधल्यांचा: .२४३, ७.६२ × ३९, .३०-३०, .२७०, .३०८, .३०-०६. बहुसंख्य डुकरांसाठी उत्तर इथेच आहे. .३०८ हे १९५२चं काडतूस आज जगात कुठेही मिळतं, ऑस्ट्रेलियात हेलिकॉप्टरमधून डुकरं मारणारेही ते वापरतात. झाडीत, पन्नास-साठ मीटरवर, जुनी .३०-३० लिव्हर रायफल अजूनही उत्तम. तिसरा तट जाड गोळीवाल्यांचा: १८७३चं .४५-७०, आधुनिक .४५० बुशमास्टर, बारा बोअरच्या बंदुकीतली २८ ग्रॅमची अखंड गोळी. या गोळ्या फुलल्या नाहीत तरी आधीच रुंद असतात. दोन्ही खांदे फोडून पलीकडे जातात आणि रक्ताचा माग सोडतात. पल्ला कमी, धक्का जोरदार. कुत्र्यांनी अडवलेल्या नरासमोर दहा मीटरवर उभं राहायचं असेल तर यांच्याइतकं दुसरं काही आश्वासक नाही.

हलकी-वेगवान विरुद्ध जड-संथ हा वाद फार जुना आहे. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकी शिकारलेखकांपैकी जॅक ओकॉनर .२७०ची बाजू मांडत राहिला आणि एल्मर कीथ जड गोळ्यांची. दोघांचे वाचक आजही भांडतात. हलक्याच्या बाजूने हमखास दिलं जाणारं नाव म्हणजे करामोजो बेल, ज्याने .२७५ रिग्बीसारख्या छोट्या रायफलीने आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले. आपल्या जिम कॉर्बेटचीही आवडती रायफल .२७५ रिग्बीच होती. पण बेलने हत्तींच्या कवट्या करवतीने कापून मेंदू कुठल्या कोनातून कुठे लागतो याचा अभ्यास केला होता, आणि त्याच्या गोळ्या न फुलणाऱ्या, खोल घुसणाऱ्या होत्या. बेलचं नाव घेऊन छोटं काडतूस विकत घेणाऱ्यांपैकी किती जणांनी डुकराची कवटी कापून पाहिली आहे?

डोक्यावरच्या गोळीचा प्रश्न इथेच येतो. मांस वाया जात नाही, डुक्कर जागीच पडतं, म्हणून अनेकांची पसंती. बाजूने पाहिलं तर मेंदू डोळा आणि कान यांच्या मध्ये, कानाकडे सरकलेला. समोरून पाहिलं तर डोळ्यांच्या रेषेच्या थोडा वर. वाढलेल्या नरात कपाळाचं हाड पोकळ पोळ्यासारखं आणि जाड होतं, त्यामुळे मेंदू वाटतो त्याहून खोल असतो. आणि आकाराने तो मुठीहून लहान. डुक्कर खाताना डोकं क्षणभरही स्थिर ठेवत नाही. आठ सेंटिमीटर पुढे गेलेली गोळी जबडा फोडते, आणि जबडा फुटलेलं डुक्कर पळून जातं, खाऊ शकत नाही, पाणी पिऊ शकत नाही, आणि आठवड्याने मरतं. पिंजऱ्यात अडकलेल्या डुकरावर, दोन-तीन मीटरवरून, डोक्यात .२२ची गोळी हा मान्य आणि दयाळू मार्ग आहे. शेतात सत्तर मीटरवरून तो मार्ग फक्त त्यांचा, जे प्रत्येक वेळी बाटलीचं झाकण उडवू शकतात आणि न जमल्यास घोडा न ओढता परत येऊ शकतात.

रात्रीची शिकार हे वेगळंच प्रकरण. उन्हाळ्यात डुकरं दिवसा बाहेर पडत नाहीत, त्यांना घाम येत नाही. म्हणून उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणी आल्या. त्या दुर्बिणीत डुक्कर म्हणजे एक पांढरा ढग. तो आडवा आहे की तिरका, तोंड कुठे, पाय कुठे, अंतर किती, हे नव्या डोळ्याला कळत नाही. त्यात कळप. .३०८ची गोळी पहिल्या डुकरातून पार होऊन मागच्याच्या पोटात जाते, आणि ते दुसरं डुक्कर कुणाच्या हिशेबात येत नाही. टेक्सासने २०११मध्ये हेलिकॉप्टरमधून आणि २०१७मध्ये गरम हवेच्या फुग्यातून शिकारीला परवानगी दिली. हेलिकॉप्टरवरची माणसं चांगल्या हाताची असतील तर धावणाऱ्या डुकराचा पाठलाग करून दुसरी-तिसरी गोळी घालून काम पुरं करता येतं. पैसे भरून मजेसाठी आलेल्या पाहुण्यांच्या हातून ते तसंच होत असेल यावर माझा विश्वास नाही.

गोळी लागल्यावरचं काम मात्र फार थोड्या लिखाणात सापडतं. डुकराची चरबी जखमेवर सरकून भोक बंद करते, राठ केस रक्त शोषून घेतात. पुरती मर्मी लागलेली गोळीसुद्धा पहिल्या तीस-चाळीस मीटरवर थेंबभर रक्त दाखवत नाही. म्हणूनच गोळी छातीच्या खालच्या भागातून आरपार गेलेली बरी: बाहेर पडण्याचं भोक खाली असेल तर रक्त वाहतं. थांबायचं, अर्धा तास. मग डुक्कर उभं होतं ती जागा शोधायची. केस, हाडाचा कण, फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस, काळपट म्हणजे यकृत, हिरवट घाण म्हणजे आतडी. सोलताना हातमोजे, कारण या डुकरांत ब्रुसेलोसिस असतो आणि तो रक्तातून माणसाला होतो. मांस ७१ अंश सेल्सिअसपर्यंत आतवर शिजवायचं.

आणि एवढं सगळं नीट केलं तरी डुकरं कमी होतात का? बंदुकीने होत नाहीत. टेक्सासातले अभ्यासक सांगतात की संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी दोन तृतीयांशांच्या आसपास डुकरं काढावी लागतील. टेनेसी राज्याने १९९९मध्ये राज्यभर मोकळी शिकार खुली केली, तेव्हा शिकारीच्या हौसेपायी लोकांनीच डुकरं नवनव्या भागांत नेऊन सोडली. २०११मध्ये तो नियम फिरवावा लागला. कॅन्ससने २००६मध्येच हौशी शिकार बंद केली. मिसूरीच्या वन्यजीव खात्याने २०१६पासून आपल्या जमिनींवर डुकराच्या शिकारीला मनाई केली, कारण कळपातलं एक मारलं की उरलेली वीस पांगतात, शहाणी होतात, पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत. त्याऐवजी मोठं वर्तुळाकार कुंपण, दूरवरून पाडता येणारं दार, पंधरा दिवस मक्याचं आमिष, आणि अख्खा कळप एकदम आत. म्हणजे ज्या प्रश्नावर एवढी काडतुसं झिजली, त्याचं खरं उत्तर दार आणि मका हे आहे, आणि शेवटी दोन मीटरवरून झाडलेली ती क्षुल्लक .२२. हे मान्य करायला शिकाऱ्यांना जड जातं. पण ज्याला शेत वाचवायचं आहे आणि ज्याला शिकार करायची आहे ती दोन माणसं वेगळी आहेत, आणि ताकदीचा प्रश्न मुळात दुसऱ्याचा आहे.

आपल्याकडे तेच जनावर वेगळ्या कायद्यात उभं आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. परवानगीशिवाय मारणं गुन्हा. केरळने २०२२मध्ये गावपातळीवरच्या प्रमुखांना उपद्रवी डुकरांना मारायची परवानगी देण्याचे अधिकार दिले. विदर्भात कुंपणात सोडलेली वीज डुकराबरोबर वाघालाही मारते, आणि काही ठिकाणी चाऱ्यात दडवलेले गावठी बॉम्ब जबडा उडवतात. जबडा फुटलेल्या डुकराचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. कोकणात शेतसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका अजून घराघरांत आहेत: ठासणीच्या, एकनळी, बारा बोअरच्या. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. ज्याच्या हातात ती बंदूक आहे त्याला परवान्याचं नूतनीकरण कसं करायचं ते माहीत असतं. नेम कुठे धरायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या सुरणाच्या वाफ्यांपलीकडच्या व्हाळात एक मोठा नर मरून पडलेला सापडला. वासावरून सापडला. कुणाचा बार होता ते कधीच कळलं नाही. वनखात्याचा माणूस पंचनाम्याला आला, आणि तो कागद लिहीत असताना आजोबा त्या डुकराशेजारी उकिडवे बसले. खांद्यावर तीन भोकं होती, भाताच्या दाण्याएवढी. आजोबांनी बोटांनी कातडं चाचपलं आणि मला हात लावायला सांगितला. छरे तिथेच होते, कातड्याखाली, तांदळात खडे लागावेत तसे. आत काहीच गेलेलं नव्हतं. चौथा मात्र मागे, पोटात लागला होता, आणि माश्या तिथे होत्या.

"किती दिवस असेल रे तसं?" त्यांनी त्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तीन तरी.

आजोबांनी मग आपला अंगठा डुकराच्या कोपराच्या वर, पायाच्या कडेला, चार बोटं ठेवून टेकवला, आणि बराच वेळ तो तिथून काढला नाही.